वाय उठते, आय बसते

सर, तुम्ही चोर आहात.

तुमचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमची जाहिरात होते, आणि जाहिरातीचा तुम्हाला काही दुष्काळ नाही. क्लास तुमचा अमरावतीत, राजापेठेत. पण फ्लेक्स आमच्या अकोल्यात, मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात उतरलं की डाव्या हाताला. त्यावर हाताची घडी घालून तुम्ही उभे, विजेच्या खांबाएवढे. तुमच्या कोपराखाली पोरापोरींचे फोटो, आधार कार्डावर असतात तेवढे. त्यात दुसऱ्या ओळीत पहिलाच फोटो माझ्या विद्यार्थिनीचा, आचलचा. खाली लाल अक्षरं: ‘आमचे हिरे’.

तुमचे? खाणीत उतरलं कोण, हात काळे झाले कोणाचे, आणि अंगठीत बसवून मिरवतं कोण?

मला जुन्या शहरात पेंटर सर म्हणतात. नाव संघपाल. पेंटर आधी होतो, सर मागून झालो. दवाखाना, टेलर, झेरॉक्स, बिर्याणी, आमच्या भागात ज्या पाटीवर इंग्रजी अक्षर होतं ती माझ्या हातची होती. इंग्रजी मी कॉलेजात शिकलो नाही, कॉलेजच्या भिंती रंगवताना शिकलो. मग फ्लेक्स आला. ज्या पाटीला मी दोन दिवस घालायचो ती मशीन चहा उकळेपर्यंत काढून द्यायला लागलं. धंदा फ्लेक्सनं नेला, तो मी सोडून दिला. आता विद्यार्थिनीही फ्लेक्सवरच गेली. हे मी सोडणार नाही.

इंग्रजी भूतकाळाचं स्पेलिंग मला कोणी शिकवलं ते ऐका. तुमच्यासारखं मला कोणी प्रोजेक्टरवर दाखवलं नाही. गोपाल म्हणून एकाचं चायनीजचं दुकान आहे. त्याला पाटीवर ‘फ्राइड राइस’ पाहिजे होतं. फ्राय मला येत होतं: एफ, आर, वाय. भूतकाळाला मागं ईडी लागते हेही माहीत होतं. वायच्या मागं ईडी लावली आणि ब्रश धुऊन घरी आलो. संध्याकाळी गोपाल दारात हजर.

"ओ पेंटर, गिऱ्हाईक हासून राहिलं."

"भात चांगला झाला असंन."

"भात कायचा! पाटी वाचून हासून राहिलं."

दुसऱ्या दिवशी शिडी लावली, टर्पेंटाइननं वाय पुसला आणि त्याच्या जागी आय काढला. नियम मला तिथं कळला, शिडीवर, नाकात टर्पेंटाइन जात असताना. मग रद्दीतून एक फाटकी डिक्शनरी आणली आणि एकेक क्रियापद उलटंपालटं करून बाकीचे नियम गोळा केले. पण तो वाय काही पूर्ण गेला नाही. दुपारी तिरपं ऊन पडलं की त्या पाटीवर आयच्या खाली वाय अजून दिसतो. तेव्हा मी म्हटलं, रंग हलका होता, दुसरं काय.

पाट्या बंद झाल्या तेव्हा मी विहाराच्या बाजूच्या खोलीत क्लास सुरू केला. पोरं मराठी शाळेतली. कोणाचा बाप ऑटो चालवतो, कोणाची माय धुणीभांडी करते, कोणाचा भाजीचा गाडा. पुस्तकातला नियम वाचून दाखवला की जांभया. म्हणून मी माझी रीत काढली. ही रीत आज तुमच्या व्हिडिओत आहे, तेव्हा नीट ऐका.

आमच्याकडे जावई आला की घर हलतं. खाट झटकतात, बसलेल्या पोट्ट्यांना उठवतात, शेजारून खुर्ची आणतात. मी म्हटलं, हेच तर आहे. शब्द म्हणजे घर आणि ईडी म्हणजे जावई. पुठ्ठ्यावर अक्षरं रंगवली, पोरांच्या गळ्यात अडकवली आणि बाकावर शब्द बसवला. ईडी म्हणजे दोन पोट्टे, एकाच दुपट्ट्यात गुंडाळलेले. पुढच्याच्या गळ्यात ई, मागच्याच्या गळ्यात डी. पुढचा म्हणजे अंकुर, आमच्या खोलीतलं सगळ्यात वात्रट पोट्टं. दारातूनच मिशीला पीळ देत यायचा. मिशी नव्हती, तरी.

"कोण आलं रे?" मी ओरडायचो.

"जावई!" अख्खी खोली ओरडायची.

‘वॉक’च्या घरी जावई सरळ शेवटी येऊन बसतो, कोणाला त्रास नाही. ‘बेक’च्या घरात शेवटी ई आधीच बसलेली. मग पोरं बोंबलायची, "जावईबापू, आमच्या घरी ई हाय! तुमची ई चपलेजवळ ठेवा!" अंकुर बाहेर आणि डी एकटा आत. ‘स्टॉप’चं घर लहान, आत स्वर एकच, त्याच्या मागं व्यंजन एकच. तिथला पी जावयाला घाबरतो, धाकट्या भावाला हाक मारतो, आणि दोघं पी दारात खेटून उभे राहतात. ‘कॅरी’च्या घरी शेवटी वाय. त्याच्या शेजारी व्यंजन, ते काही त्याची बाजू घेत नाही. वाय उठते, आय बसते, मग जावई बसते. पण ‘प्ले’च्या घरी वायच्या शेजारी स्वर असतो. तो वायचा हात धरून ठेवतो, आणि वाय जागचा हलत नाही.

एकाही पोराला हे परत सांगावं लागलं नाही. परीक्षेत पोरं बाकाखाली बोटं हलवून ‘वाय उठते, आय बसते’ म्हणायची. आचलचा बाप किसनराव जुन्या शहरात भाजीचा गाडा लावतो. तो मला म्हणाला, "पेंटर सर, तुमच्या खोलीत रोज ईडी येऊन राहिली म्हणते पोरगी. आमच्या गाड्यावर आली त काय भेटंन तिले? कोथिंबीर?"

आचल नेहमी वाय असायची. मीच तिला वाय केलं. बारीक होती, चटकन उठायची, आणि उठल्यावर भिंतीला टेकून मुकाट उभी राहायची. दुसऱ्या पोराला वाय केलं की ते उठताना कुरकूर करायचं, बाक धरून बसायचं, अर्धा तास तमाशात जायचा. माझ्या वर्गात मधे बोललेलं मला चालत नाही. खोली लहान, वेळ थोडा, पोरं बम. आचलनं कधी मधे तोंड उघडलं नाही. अशी विद्यार्थिनी मिळायला नशीब लागतं.

ते नशीब तुम्ही नेलं.

आठवी संपता संपता तुमची माणसं तिच्या शाळेत आली, परीक्षा घेतली, ती पहिली आली आणि तुम्ही तिला फुकट प्रवेश दिला. तिची मावशी आशाबाई राजापेठेतच हार विणून विकते, म्हणजे राहायचीही सोय. किसनराव माझ्याकडे विचारायला आला. सोबत त्याची बायको माणिकबाई, हातात मेथीची जुडी.

"सर, पाठवू काय?"

"मले कायले विचारता? पोरगी तुमची."

"तुमी हाव म्हणा, मंग पाठवतो."

आचल दारात उभी होती, माझ्याकडे पाहत. मला वाटलं ती म्हणेल, सर, मी नाही जात. ती काही म्हणाली नाही.

"हाव," मी म्हटलं.

त्यानंतर, सर, माझं जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यामुळंच झालं. किसनरावच्या गाड्यावरून जाणं अवघड झालं. पहिलं तो म्हणायचा, "आमचे पेंटर सर." आता कांदे तोलता तोलता म्हणायचा, "आमच्या अमरावतीच्या सरांचा फोन आला होता. सर सोता बोलले! पोरीचं पुसत होते, तिथं गमते काय म्हणून." आमचे सर! मी त्याच्याकडून भाजी घेणं सोडलं. पुलापलीकडून आणायला लागलो. माझी बायको माया, तिच्या नजरेतून काय सुटतं?

"वांगे किडके आणले," ती म्हणाली. "किसनभाऊचा गाडा घरासमोर हाय, अन् तुमी मोर्णा वलांडून किडे आणून राहिले. काहून?"

"तिकडं स्वस्त हाय."

"सवत आली वाटते तुमच्यावर."

"काय बोलून राहिली?"

"त काय! बाईले सवत आली की बाई अशीच करते. तिचं नाव घेत नाही, तिच्या गल्लीतून जात नाही, अन् दिवसभर तिच्याच साडीचा रंग पुसते. काल तुमी मले तीनदा सांगतलं, त्या सराच्या क्लासात एसी हाय म्हणून. मी इचारलं होतं?"

मी जेवणावरून उठलो. वांगं खरंच किडकं होतं.

दिवाळीला आचल घरी आली तेव्हा खोलीवर भेटायला आली. "जयभीम सर," म्हणाली, नेहमीसारखी. तिच्या घरी राम राम म्हणतात, पण माझ्या दारात ती जयभीमच म्हणायची. अंगावर तुमच्या क्लासचं निळं टीशर्ट. मी विचारलं, "गमते काय तिथं?" मला ‘नाही’ ऐकायचं होतं. खोटं नाही सांगत.

"गमते सर," ती म्हणाली. आणि हसली. माझ्या खोलीत ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

मग तो व्हिडिओ आला. अंकुरनंच आणला. "सर, आचल मोबाईलवर आली! आपला जावई करून राहिली!" पोरांनी माझ्याभोवती गराडा घातला. तुमचा पांढरा फळा, कॉलरला लावलेला तो बारका माइक, आणि फळ्यासमोर आमची पोरगी. मराठी वऱ्हाडी, आवाज खणखणीत.

"आमच्या अकोल्यात ईडीले जावई म्हणते," ती सांगत होती. "पण मले वाटते जावई नाही. जावई दोन दिवस राह्यते, पुरणपोळी खाते, अन् वापस जाते. ईडी वापस जाते काय? विकलेली मेथी गाड्यावर वापस येते काय? झालं ते झालं. ईडी आली की राह्याले येते. म्हणून ईडी म्हणजे सून."

अंकुरनं माझ्याकडं पाहिलं. ती बोलतच होती.

"बेकच्या घरी ई पहिलेच असते, त सुनेले म्हणते, तुह्यी ई माहेरी ठेव, फक्त डी घेऊन ये. सून अर्धी बाहेर ठेवूनच आत येते. अन् कॅरीचा वाय. आमी म्हणत होतो वाय उठते अन् आय बसते. पण वाय कुठंच जात नाही. वायच आय होते. घरात सून आली की कालची सून सासू होते ना, तसं. माणूस तेच, जागा तेच, नाव बदलते."

तुमचा वर्ग टाळ्या वाजवत होता. तुम्ही फ्रेममध्ये आलात. तुमचा आवाज मऊ, पुण्याचा: "फार सुंदर, बाळा. आणि मला सांग, हे तुला कोणी शिकवलं?"

तिनं तोंड उघडलं. आणि व्हिडिओ संपला. तुमच्या क्लासचं चिन्ह आलं, खाली फोन नंबर, प्रवेश सुरू.

तिथंच का कापलं, सर? तिनं माझं नाव घेतलं आणि तुम्ही ते कात्रीनं उडवलं. मला खात्री होती. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते मोजलं नाही, पण बाकीच्याचं मला काही देणंघेणं नव्हतं. मी फक्त शेवट पाहायचो. तिचे ओठ. उघडताना ते ‘पे’ साठी मिटून उघडतात का, ‘पेंटर’मधला पे. माया म्हणाली, "भैताडासारखं काय पाहून राहिले? जाऊन इचारा ना पोरीले."

म्हणून मी अमरावतीला आलो.

मूर्तिजापूरपर्यंत मी तुम्हाला काय बोलायचं ते ठरवलं, बडनेऱ्यापर्यंत ते पाठ केलं. त्यातलं निम्मं छापण्यासारखं नाही. राजापेठेत तर मला पत्ता विचारावाच लागला नाही. एका फ्लेक्सवरून दुसऱ्या फ्लेक्सवर जात राहिलो, सगळे क्लासवाले हाताची घडी घालून उभे, आणि पोहोचलो. तुमच्या काउंटरवरच्या पोरीनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "पालक का?"

"कोणाचे?" मी विचारलं. तिला काही कळलं नाही. मलाही पुढं सांगता येईना. पालक नाही, मामा नाही, काका नाही. मी आचलचा कोण?

"सरांचं लेक्चर चालू आहे. बसा," ती म्हणाली.

तुमच्या वर्गाला काचेचं दार आहे. बाहेरून सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही. भांडायला आलेल्या माणसाला तुम्ही काचेबाहेर बसवता, हे चांगलं आहे तुमचं. मी तुम्हाला पाहत बसलो. फ्लेक्सवर दिसता त्यापेक्षा बुटके आहात. केस रंगवता, तेही कळलं. मला बरं वाटलं.

तुम्ही पोरांना काहीतरी विचारलंत. मग गप्प झालात. मला वाटलं, आता कोणाला तरी उभं कराल, नाहीतर स्वतःच उत्तर सांगाल. मी असतो तर सांगून टाकलं असतं. तुम्ही बाटली उचलली, पाणी प्यालात, झाकण सावकाश फिरवून लावलंत. अजून गप्प. पोरं एकमेकांकडं पाहत होती. खरंच सांगतो, इतका वेळ वर्ग रिकामा सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. मग शेवटच्या बाकावरचं एक चष्मेवालं पोरगं उभं राहिलं. अडखळत काहीतरी म्हणालं. तुम्ही मान हलवलीत, आणि परत गप्प. आणि ते पोरगं आणखी बोललं! बोलतच राहिलं.

मी उठलो. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "सर पाच मिनिटांत मोकळे होतील." मी म्हटलं, "मी नाही होणार." आणि खाली उतरलो. पाठ केलेल्या शिव्या तशाच पोटात राहिल्या.

आशाबाईचं दुकान म्हणजे एका मेडिकलच्या पायऱ्यांजवळ मांडलेलं फळकूट. ती निशिगंधाचे हार विणत होती, आचल शेजारी बसून फुलं वेचून देत होती. मला पाहिलं तशी ती झटकन उठली आणि स्टूल पुढं केलं. मी बसलो. ती मेडिकलच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"सर, तुमी! घरी सगळे बरे हाय ना?"

"सगळे बरे हाय. तुह्या व्हिडिओ पाह्यला."

तिनं मान खाली घातली.

"त्यांनी इचारलं, कोणी शिकवलं. तू काय म्हटलं?"

"तुमचं नाव घेतलं ना सर. म्हटलं, अकोल्याचे पेंटर सर. संघपाल सर. जावई त्यायचाच हाय."

"मंग त्या माणसानं कापलं काहून? नाव खपलं नाही ना त्याले!"

"त्यायनं नाही कापलं, सर."

"मंग?"

"मीच म्हटलं, तिथून पुढचं काढा."

आशाबाईचा हात सुईवर थांबला. मी आचलकडं पाहत राहिलो. ती एका फुलाचा देठ नखानं सोलत होती.

"तू? माह्यं नाव तू काढाले लावलं?"

"नावासाठी नाही सर. नावाच्या मागून त्यायनं आणखी एक इचारलं. ते नव्हतं ठेवायचं मले, त्याच्यासंगं नावबी गेलं."

"काय इचारलं?"

तिनं दुसरं फूल उचललं.

"बोल ना! काय इचारलं? बोल लवकर!"

"अवो मास्तर," आशाबाई म्हणाली, "पोरीले दम त खाऊ द्या. तुमी इचारता अन् तुमीच तिच्या तोंडावर बसता."

मी गप्प झालो. तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं आली आणि हार घेऊन गेली. मग आचल म्हणाली, "सरांनी इचारलं, ‘ही सुनेची गोष्ट तू तुझ्या अकोल्याच्या सरांना सांगितली होतीस का?’"

"मंग तू काय म्हटलं?"

"काही नाही. मले रडू आलं. म्हणून त काढाले लावलं."

"पण तुले हे सुचलं कवा? अथी?"

"नाही सर. तिथंच. तुमच्या खोलीत." ती पहिल्यांदा सरळ माझ्याकडं पाहत म्हणाली, "मी वाय होती ना. वाय उठली की भिंतीपाशी उभी राह्यते. तिथून अख्खं घर दिसते. दरवेळेस दिसे, जावई काही वापस जात नाही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"आता जाऊ द्या ना सर," ती म्हणाली. "चहा आणू?"

तिनं चहा आणला. उभ्यानंच प्याली. निघताना तिनं एक हार पुडीत बांधून दिला, विहारात वाहायला. आशाबाई म्हणाली, "मास्तर, पोरगी रोज तुमचं नाव घेते बरं. पेंटर सर असे, पेंटर सर तसे. माहे कान किटले." मला तेव्हा आनंद व्हायला पाहिजे होता. बसमध्ये बसलो, आणि मला तुमची ती पाण्याची बाटली दिसायला लागली.

सर, आता मुद्द्यावर येतो.

नाव तुम्ही चोरलं नाही. जावईही नाही. पोरगी तिच्या बापानं पाठवली, आणि मी हाव म्हटलं. तरी मी तुम्हाला चोरच म्हणतो. सुनेची गोष्ट माझ्या खोलीतली होती. माझ्या भिंतीला टेकून उभी असताना तिला सुचली. वर्षानुवर्षं ती तिच्या पोटात होती, मी रोज समोर होतो, आणि ती निघाली तुमच्या फळ्यासमोर. किसनरावची भाजी माझी नव्हती, एसी मला नकोच होता, फ्लेक्स गेला खड्ड्यात. पण ती गोष्ट पहिल्यांदा ऐकायचा हक्क माझा होता. तो तुम्ही घेतला. रात्री ताट पुढं आलं की मला तेच आठवतं. माया म्हणते, सवत बरी, ती निदान नवराच नेते.

गोपालच्या दुकानासमोर परवा दुपारी उभा राहिलो. ऊन तिरपं होतं. आयच्या खाली वाय होता, पुसलेला, आणि जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गात ते करून पाहिलं. लपवत नाही. ‘कॅरी’चं घर बसवलं, वायला उठवलं, जावई आणला आणि म्हटलं, "कोणाले काही म्हणायचं हाय काय?"

कोणी बोललं नाही. मी थांबलो. बाटली नव्हती, खडू हातात फिरवत राहिलो. पोरं घाबरली. एकीनं पुस्तक उघडलं, तिला वाटलं मी वाचायला सांगितलं. अंकुर जावयाच्या दुपट्ट्यातून मान बाहेर काढून म्हणाला, "सर, कोणी काही चुकलं काय?"

"नाही रे. मी फक्त इचारून राहिलो."

"काहून?"

आता याला मी काय सांगू? मला राहवलं नाही. मी खडू फळ्यावर आपटला आणि पुढचा शब्द घेतला. पोरांनी सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. आणि भिंतीला टेकून वाय उभीच होती. आताची वाय कौशल्या आहे, आठवीतली, ऑटोवाल्याची पोरगी. चटकन उठते. कुरकूर करत नाही. ती माझ्याकडं पाहत नव्हती. बाकाकडं पाहत होती, शेवटच्या अक्षराकडं, आणि तिचे ओठ हलत होते.

सर, तिथं तिला काय दिसत होतं?

मी तुमच्याकडं माफी मागत नाही आणि तुमचे आभारही मानत नाही. फ्लेक्सवरून आचलचा फोटो काढा असंही म्हणत नाही, राहू द्या, फोटो चांगला आला आहे. मला एकच सांगा, आणि तुमच्या त्या मऊ आवाजात गोल गोल सांगू नका. पोरांना विचारल्यावर तुम्ही गप्प बसता कसे? पोरं घाबरली, एकमेकांकडं पाहायला लागली, तरी तुमचा जीव कसा खालीवर होत नाही? कोणी बोललंच नाही तर, असं तुम्हाला वाटत नाही का? पहिल्यांदा तुम्ही गप्प बसलात तेव्हा कोण बोललं होतं? आणि ती कौशल्या, मार्चमध्ये आठवी संपली की तीही गेली, मग ती कोणासमोर बोलेल?

मी विचारलं आहे. आता मी बोलत नाही. उत्तर द्या.